टाकीच्या बुडाची जाळी

आबा, तुमची ती जर्मन गाडी परवा तुळजापूरचा घाट चढून गेली. मधे कुठं थांबली नाही, धापली नाही. मी पुढच्या सीटवर बसले होते आणि चालवत होती माझ्या थोरल्याची पोरगी, म्हणजे तुमची पणती. तुम्ही गेलात तेव्हा थोरला माझा चौथीत होता, तुमच्या खाटेजवळ बसून पाढे म्हणायचा. त्याचीच ही. बारावी झाली आणि म्हणाली, मला मोटारीचं शिकायचंय. घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग मीच म्हणाले, शिकू द्या, पणज्याचे हात लागलेत तिला, त्याला कोण काय करणार. आता नळदुर्गला हायवेच्या कडेला तिचं स्वतःचं गॅरेज आहे. बाई मिस्त्री म्हणून ट्रकवाले आधी हसायचे. एक जण येऊन म्हणाला, "मिस्त्री कुठंय?" ही गाडीखालूनच म्हणाली, "मिस्त्रीच्या पायावर पाय देऊन उभे हाव तुमी, जरा सरका." हे असलं ती घरी येऊन सांगते आणि मी उचकी लागेपर्यंत हसते. सून म्हणते, आत्याबाई, तुमीच बिघडवलं तिला. बिघडवलं तर बिघडवलं. माझ्या जन्मात मी एक तरी गोष्ट नीट बिघडवली.

तोंडानं सांगायचं तर तुमचे ते दिवस बघितलेलं आता आपल्यातलं कुणी उरलं नाही. मायला जाऊनही लई वर्षं झाली. म्हणून लिहितेय. माझी शाळा तिसरीपर्यंतची, तीही तुम्ही हट्टानं पाठवली म्हणून, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. आणि बोलताना मी जशी एकीकडून निघून भलतीकडं जाते तशी लिहितानाही जाणार. ते तुम्हाला सवयीचं आहे.

त्या गाडीचे मालक गेले, त्यांचा मुलगा गेला, आता द्राक्षाच्या बागा त्यांचा नातू बघतो. तो मागच्या उन्हाळ्यात पोरीकडं आला आणि म्हणाला, कांद्याच्या गोडाऊनमध्ये आजोबांची जुनी गाडी पडलीय, उठती का बघ. पोरीनं घरी येऊन सांगितलं तसं माझ्या हातातलं सूप खाली आलं. सायीच्या रंगाची, पुढं गोल दिवे, डिझेलवर चालणारी. मालकांनी ती मुंबईला कुठल्या तरी परदेशी वकिलातीच्या लिलावात घेतली आणि पहिल्यांदा आपल्या पत्र्याच्या शेडपुढं आणून उभी केली, तो दिवस मला आजही दिसतो. तुम्ही आधी राखेनं हात धुतले, पुसले, मग बॉनेटला हात लावला. देव्हारा उघडावा तसं उघडलंत. मालकांनी सांगून टाकलं की या गाडीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. महिनाभर माय पाण्याला गेली की हेच सांगत होती. हैदराबादच्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला आपला माणूस, त्याच्या दारात परदेशची गाडी उभी राहती, म्हणायची.

आता पोरीच्या दारात उभी राहिली. सीटमध्ये उंदरांची घरं, रबराचे पाइप पापडासारखे मोडायचे. पोरीनं सगळं एक एक बदललं. टाकीतलं जुनं तेल नळी घालून उपसलं, टाकी वरून दोनदा धुतली, फिल्टर नवे घातले. ज्या दिवशी इंजन उठलं त्या दिवशी मला मुद्दाम नेलं. आधी पांढरा धूर, मग खोकला, मग तो आवाज. पाट्यावर कुणी सावकाश डाळ वाटतंय असा आवाज असायचा तिचा. माझ्या डोळ्याला पाणी आलं तर पोरगी म्हणते, "धुरानं आलं ना?" म्हटलं, व्हय, धुरानंच.

पण गाडीनं तिचं जुनंच सोंग काढलं. सपाटीला पळायची. चढाला लागली की जीव जायचा, पाय पार तळाला दाबला तरी ओझ्याच्या बैलासारखी पाय ओढायची. पोरगी चढावरूनच वळवून परत आणायची आणि पुन्हा खोलून बसायची. सोलापूरला पंप दाखवला, नोझल तपासले, हेड उघडून बघितलं. ज्याला दाखवावं तो म्हणायचा, इंजन बसलंय, जुना माल आहे, सोडून दे. मालकाचा नातू म्हणाला, आठ दिवस बघतो, मग भंगारात देतो. पोरीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तिनं ट्रकवाल्यांचं हसणं पचवलं होतं, पण आता गावातली बाकीची गॅरेजवाली म्हणायला लागली होती की परदेशी गाडीवर हात शिकून घेतेय बाई. आबा, ते बोलणं ऐकलं आणि मला कुठंतरी आत चटका बसला, कारण ते मी एकदा ऐकलेलं होतं.

एका दुपारी ती जेवायला आली. मी भाकरी थापत होते. तिला बरं वाटावं म्हणून आपलं बोलत होते. म्हणाले, "असंच करायची ती पहिल्यापासनं. घाटात मान टाकायची, अन् धा मिनिटं सावलीला उभी केली की परत शहाण्यासारखी चालायची. तुझा पणजा म्हणायचा, ही गाडी न्हाई, सासरी निघालेली पोर हाय."

पोरीचा घास हातातच राहिला. "आजी, परत म्हण."

"काय, सासरी निघालेली..."

"ते न्हाई. थांबल्यावर बरी व्हायची?"

"व्हय की."

"दर बारीला?"

"दर बारीला. मालक तर म्हणायचे, घाटातल्या आईला हिचं वावडं हाय."

"पंप खराब असता तर थांबून बरा कशाला झाला असता," असं स्वतःशीच म्हणत ती उठली. "तेलाच्या वाटंत कायतरी येऊन बसतंय. वढ लागली की बसतंय, वढ थांबली की खाली पडतंय. एवढं दिवस सांगितलं का न्हाईस गं?"

"तू इचारलं कुठं."

हात न धुता गेली. मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या आणि सुनेला ऐकवलं की सोलापूरच्या लोकांना जे कळलं नाही ते तिसरी झालेल्या बाईला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गॅरेजला गेले. टाकीच्या बुडाला एक मोठा नट असतो म्हणे आणि त्या नटालाच आतून बारीक जाळी बसवलेली असते. वरून टाकी कितीही धुतली तरी ती जाळी तिथंच. एवढा मोठा पाना तिच्याकडं नव्हता, ट्रॅक्टरवाल्याचा मागून आणला. नट गंजलेला. रात्रभर रॉकेल मुरत ठेवलं होतं, तरी दोघांनी पान्यावर जोर दिला तेव्हा कुरकुरत सुटला. जाळी बाहेर आली ती कशी, तर काळी केसाळ टोपी घातल्यासारखी. बोट भरून जाड. पोरीनं ती ताटलीत धरली आणि पेट्रोलनं हळूहळू धुवायला लागली. काळं गेलं, मग तपकिरी गेलं, मग कडेकडेनं कापसासारखं काहीतरी सुटून वर आलं.

"हे बघ आजी, कापडाचं केस. गुलाबी हायेत."

मी तिथंच ऑइलच्या डब्यावर बसले. पोरीला वाटलं गुडघा. म्हणाली, "चहा सांगते तुला." म्हटलं, सांग.

आबा, आता जे लिहायचं त्याच्यासाठीच हा कागद घेतलाय, आणि बघा, दोन पानं भरली तरी त्याच्या आजूबाजूनंच फिरतेय.

तुमचं ते तेल गाळणं. त्या काळात नळदुर्गच्या पंपाला आज डिझेल असायचं, उद्या नसायचं, म्हणून मालकांनी एक पिंप आपल्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं आणि गाडीत तेल तुम्हीच भरायचात. नरसाळ्यावर कापडाची चार पदरी घडी घालून, त्यातून थेंब थेंब. ते कापड म्हणजे जुनं धोतर. नवं कापड चालायचं नाही. नव्या कापडाला केस असतात, म्हणायचात, धा वर्षं अंगावर फाटलं पायजे, दगडावर आपटलं पायजे, तवा ते तेल गाळायच्या लायकीचं होतं. घरातलं प्रत्येक धोतर शेवटी शेडमधल्या त्या पत्र्याच्या डब्यात जायचं. माय चिडायची, घरात फडक्याला चिंधी न्हाई अन् मोटारीला मलमल.

मी पहिल्या बाळंतपणाला अणदूरहून माहेरी आले होते. सासूबाईंनी ट्रंकेत लेकरासाठी म्हणून गुलाबी फलालीन दिली होती, मीटरभर, कोरी. पण बारशापर्यंत लेकराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, म्हाताऱ्या माणसाचं वापरलेलं धोतर लावायचं, म्हणजे लेकराला आयुष्य लागतं. ही रीत तुम्हाला माहीत होती. मायनं तुमच्याकडं दोनदा मागितलं, तुम्ही दोनदा म्हणालात, काढून ठेवतो. आणि ज्या दिवशी मला कळा सुरू झाल्या त्या दिवशी तुम्ही सामान आणायला उमरग्याला गेलेले. माय सुईणीला आणायला पळाली. मी भिंत धरत धरत मागच्या दारानं शेडमध्ये गेले आणि डब्यातल्या चारी घड्या काढल्या. मग डबा रिकामा दिसायला लागला. तुम्ही चिडाल, एवढंच माझ्या डोक्यात. कळ यायच्या आधी मी ती फलालीन आणली, तुमच्यासारखीच चार पदरी घडी घातली आणि डब्यात ठेवून झाकण लावलं. नंतर सांगू म्हटलं. मायला वाटलं धोतर तुम्हीच काढून ठेवलं.

पाच दिवस झाले, सहा झाले. मी बाजेवर, खाली शेगडी, बाळंतशेपांचा धूर, लेकरू तुमच्या धोतरात गुंडाळलेलं. एका संध्याकाळी तुम्ही जेवायला बसला होतात आणि पडद्याच्या पलीकडून मला तुमचं बोलणं ऐकू आलं. "आजकाल ते गाळायचं फडकं लई मऊ लागतंय गं हाताला." माय म्हणाली, धुऊन धुऊन झालं असंल. तुमच्या डोळ्यावर तेव्हापासूनच पडदा यायला लागला होता, तुम्ही तो गिऱ्हाइकापासून लपवायचात, आमच्यापासूनही. शेडमध्ये अंधार, आणि फलालीन एकदा तेलात भिजली की काळीच. तेव्हा मी आतून एक हाक मारायची होती. आबा, ते तुमचं धोतर न्हाई. एवढंच. मला वाटलं, उद्या सांगू.

मग बारसं आलं. सासूबाई आल्या आणि पाळण्याला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "फलालीन कुठाय, आता शिवा की लेकराला." माझ्या तोंडातून गेलं, "उंदरानं कुरतडली." त्यांचं तोंड एवढंसं झालं. झालं, त्यानंतर मला तुमच्याशी बोलायची वाटच बंद झाली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता आणि सासूबाईंच्या पुढ्यात थट्टा केली असती, तुमचा स्वभाव. फलालीनमधूनच तेल जात राहिलं.

पुढं गाडीला घाटात दम लागायला लागला. तुम्ही किती शोधलंत. डिझेलच्या इंजनाला हवा, तेल अन् दाब, या तिघातलंच कुणीतरी उपाशी असतंय, असं तुम्ही मालकांच्या ड्रायव्हरला सांगायचात. हवा बघितलीत. दाब बघितलात. तेलाचं फिल्टर बदललंत. टाकीकडं मात्र गेला नाहीत. कशाला जाल. ते तेल तुमच्या हातानं गाळलेलं होतं. दुसऱ्या कुणी भरलं असतं तर तुम्ही पहिल्या दिवशी तो नट उघडला असता.

मालकांच्या पोरीचं लग्न झालं आणि जोडपं जोगवा मागायला त्याच गाडीतून तुळजापूरला निघालं. घाटाच्या मधल्या वळणावर गाडी उभी राहिली. मागं वऱ्हाडाच्या जीपा, नवरदेवाचे मामा खाली उतरून म्हणाले, एवढा मोठेपणा अन् गाडी ढकलायची. फेटा बांधलेल्या नवरदेवासकट माणसांनी गाडी कडेला ढकलली. दुसऱ्या दिवशी मालक शेडवर आले. मी लेकराला घेऊन गोणपाटाच्या पडद्याआड होते. शेडमध्ये चार गिऱ्हाइकं होती. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "परदेशी इंजन गावठी हातात दिलं, चूक माझीच हाय. पंप घालवलात तुमी मिस्त्री. आता हात लावू नका."

तुम्ही बनियनला हात पुसत राहिलात. बोलला तो ड्रायव्हर. "मालक, मिस्त्र्यानं पंप खोललाच न्हाई. मी हितंच उभा होतो."

"तुला इचारलं का?"

तो मागं सरला. पण बोलला. एवढ्या माणसांत तो एकटा बोलला.

मालकांनी गाडी शहरात नेली. तिथं नवा पंप बसवला, तरी ती घाटात उभीच राहिली, म्हणून शेवटी गोडाऊनमध्ये घातली. हे मला आता नातवाच्या तोंडून कळलं. तेव्हा गावात हे कुणी सांगितलं नाही. गावात एवढंच राहिलं की मिस्त्र्यानं पंप घालवला. मोटारी यायच्या बंद झाल्या. तुम्ही शेड आवरली आणि सायकलवर पाने बांधून विहिरीवरची इंजनं दुरुस्त करत फिरायला लागलात. मायनं शेड झाडताना ती काळी फलालीन बंबात घातली. माझ्या समोर घातली.

एकदाच तुम्ही त्या गाडीचं नाव काढलंत. आपण एसटीनं तुळजापूरला चाललो होतो, तुमचे डोळे तेव्हा पार गेलेले. ड्रायव्हरनं गिअर टाकला, इंजनाचा आवाज बदलला आणि तुम्ही विचारलंत, "मधलं वळण का?" म्हटलं, व्हय. मग म्हणालात, "लोक बोलले त्याचं काय न्हाई गं. पण काय झालं व्हतं ते कळायला पायजे व्हतं. समदं बघितलं व्हतं मी." मी तुमच्या हातावर हात ठेवला. त्या वेळी मला फलालीन आठवली नाही, आबा. आठवली असती तर सांगितलं असतं, असं मी आठ दिवस झाले स्वतःला म्हणतेय. पण ज्या संध्याकाळी तुम्ही जेवताना म्हणालात कापड मऊ लागतंय, त्या संध्याकाळी मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले, ते काही विसरून नव्हे.

तर हे झालं होतं. टाकीच्या बुडाची जाळी. पंप चांगला होता, दाब चांगला होता, तुमचे हात चांगले होते.

इथं थांबले असते तर बरं होतं. पण जाळी निघाली त्याच दिवशी मालकाचा नातू गॅरेजवर आला. पोरीनं त्याला ताटली दाखवली आणि छाती काढून म्हणाली, "माझ्या पणज्यानं पंप घालवला न्हवता. हे बघा कशानं झालं." तो भला पोरगा आहे. वाकून बघितलं, मान हलवली. म्हणाला, "मग ही गुलाबी चिंधी टाकीत कुणी घातली?" आणि दोघं माझ्याकडं बघायला लागले. त्या शेडमधलं जिवंत माणूस मी एकटीच ना. माझ्या हातात चहाचा कप होता. पोरीच्या तोंडावर एवढा आनंद होता. मी म्हणाले, "ड्रायव्हर भरायचा कधी कधी तेल. त्याचंच असंल."

नातू लगेच म्हणाला, "तरीच. आमचे वडील म्हणायचे, तो माणूसच बेफिकीर होता."

कुणी विचार केला नाही, कुणी पुन्हा विचारलं नाही. तुमच्यावर आळ यायलाही एवढाच वेळ लागला होता. मी चहा पिऊन टाकला. थंड झाला होता.

परवा घाटाला निघालो तेव्हा नातू मागं बसला होता. पोरगी पायात चप्पल न घालता चालवते, म्हणते पायाला इंजन कळतं. मधलं वळण आलं, तिनं पाय दाबला आणि गाडी अशी वर निघाली की मी सीटमध्ये मागं गेले. समोरून येणारी एसटी, दरीतली झाडं, वारा सगळा पदरात. मी मोठ्यानं हसत होते. पोरगी म्हणाली, "आजी, पदर सांभाळ, काचंबाहेर चाललाय." तुमची आठवण मला वर गेल्यावर आली. वळणावर नाही आली. ते तुम्हाला सांगून टाकते.

आता नळदुर्गात सगळ्यांना ठाऊक झालंय की मिस्त्र्याचा दोष नव्हता, ड्रायव्हरचा होता. नातूच सांगतो, कौतुकानं. पोरीकडं दोन जुन्या गाड्या आल्यात. काल बाजाराच्या दिवशी मी भाजीला गेले. ड्रायव्हरची लेक बाजारात भाजी विकते, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आता पाठीतून वाकलीय. मी दुसऱ्या रांगेनं चालले होते. तिनं लांबून हाक मारली.

"अक्का, नातीनं गाडी उठवली म्हणं."

"व्हय."

"आमचा बाप आसता तर नाचला आसता बघ. शेवटपतूर म्हणायचा, मिस्त्र्यावर लई वंगाळ आळ आला."

तिच्या कानावर दुसरं अजून गेलं नसावं. किंवा गेलं असेल आणि ती माझ्या तोंडाकडं बघत असेल, सांगता येत नाही. मी म्हणाले, "ऊन लई हाय गं आज." तिनं मेथीच्या दोन जुड्या उचलल्या, पाणी झटकलं आणि माझ्या पिशवीत कोंबल्या. पैसे काढायला लागले तर माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे, तुझ्या घरात आनंद झालाय."

मी घेतल्या. घरी आणून निवडल्या, लसूण घालून भाजी केली. सगळे जेवले. मलाही गोड लागली, आबा.